कच्चा पापड पक्का पापड… बोला पटापट!

जीभ अडखळवणारी वाक्यं म्हणजे नुसता टाईमपास असं बऱ्याच जणांना वाटतं, पण एकदा "चटईला टाचणी टोचली" न थांबता चारपाच वेळा म्हणून बघा, मग कळेल. गंमत अशी की चटईत आधी च येतो मग ट, आणि टाचणी, टोचली मध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे जिभेला एक रस्ता सापडतोय तोवर दुसरीकडे वळावं लागतं आणि मग चटईची टचई होतेच.

आमच्याकडे लाईट गेले की हाच खेळ, आणि सगळ्यात जास्त हशा "काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" ला. (राळे म्हणजे ते बारीक भरडधान्य, हल्ली मिलेट म्हणून महाग विकतात तेच!) यात र आणि ळ आलटून पालटून येतात. ळ साठी जिभेचं टोक मागे वळवावं लागतं, र ला नाही, म्हणून ज्या पोरांचा ळ चा ल होतो त्यांना हे मस्त, शिकवणीसारखं वाटतही नाही.

नाटकात काम करणारे, निवेदन करणारे लोक पण बोलायच्या आधी असली वाक्यं घोळवतात, ओठ जीभ जबडा जरा मोकळा होतो ना. फक्त स्पीडच्या मागे लागू नका हां, आधी सावकाश, प्रत्येक अक्षर नीट, मग वेग. नाहीतर चुकीचंच पाठ होतं.

तुमच्या घरी कोणती म्हणतात? कमेंटमध्ये टाका, आमचा स्टॉक संपलाय 😄