दुसरा गिअर सुटतो तेव्हा

कोकणातल्या तवसाळच्या जेट्टीवर फेरीबोटीतून उतरले की रस्ता सड्याकडे, म्हणजे वरच्या पठाराकडे, चढू लागतो. गेल्या मे महिन्यात त्याच चढावर आमच्या जुन्या सीडी १०० मोटरसायकलचा दुसरा गिअर पहिल्यांदा सुटला. पायाखाली खट् असा धक्का बसला, इंजिन मोकळे होऊन ओरडले आणि मागे बसलेल्या सौभाग्यवतींनी माझा खांदा घट्ट धरला.

मी दोष क्लचला दिला आणि प्लेटी बदलून घेतल्या. तो खर्च फुकट गेला. क्लच घसरतो तेव्हा इंजिनाचा आवाज वाढत जातो, ओढ कमी होते, पण गिअरचा दांडा जागचा हलत नाही. गिअर सुटतो तेव्हा मात्र दांडा पायाला उलट टोला देतो. हा फरक मला आधीच ओळखता यायला हवा होता.

या गाडीतले गिअर एकमेकांत कायमच गुंतलेले असतात. गिअर टाकताना फोर्क, म्हणजे आतला सरकता काटा, एका गिअरला बाजूला सरकवतो आणि त्याच्या अंगावरच्या खुंट्या शेजारच्या गिअरच्या खाचांत बसतात. खुंट्यांच्या कडा शाबूत असतात तोवर जोर पडला की त्या अधिकच घट्ट बसतात. कडा गोल झाल्या की तोच जोर त्यांना बाहेर ढकलतो. म्हणूनच सपाटीवर शहाण्यासारखी चालणारी गाडी चढावर दगा देते.

गिअरपर्यंत पोचायचे तर इंजिन उतरवून क्रँककेसचे, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचाचे, दोन भाग वेगळे करावे लागतात. मिस्त्रींनी फोर्क माझ्या हातावर ठेवला. त्याचे एक टोक निळसर पडले होते आणि नख फिरवले तर झिजेची पायरी लागत होती. ते म्हणाले, “काका, तुम्ही गिअरवर पाय ठेवून गाडी चालवता ना?” नाही म्हणण्याची सोय नव्हती. दांड्यावर विसावलेल्या पायाचा भार फोर्कवर येतो आणि तो फिरत्या गिअरला सतत घासत राहतो.

खुंट्या घासून पुन्हा चौकोनी करण्याचा स्वस्त मार्गही त्यांनी सुचवला, पण मी तो नाकारला, कारण घासताना वरचा कठीण केलेला थर निघून जातो आणि आतले मऊ पोलाद फार दिवस टिकत नाही. दुसरा गिअर, त्याच्या खुंट्या ज्यात बसतात तो जोडीचा गिअर, फोर्क आणि गिअर जागेवर धरणारी सर्क्लिप ही कडी असे सगळे नवे घातले.

तेलाचाही वाटा होताच. इंजिन, क्लच आणि गिअर यांना मिळून एकच जेमतेम लिटरभर तेल असते. पावसाळ्यात पडवीत उभी असलेली आणि बाजारापुरतीच बाहेर पडणारी गाडी नीट तापत नाही, त्यामुळे आत साचलेला ओलावा उडून जात नाही. आमचे तेल दुधाळ चहासारखे झाले होते, आणि फडक्यावर गाळल्यावर त्यात धातूचे चकचकीत कण दिसले. बारीक राखाडी भुकटीचे मी मनावर घेत नाही, पण बोटाला टोचणारा कण म्हणजे काहीतरी तुटते आहे.

पाचशे किलोमीटरनंतर तेल पुन्हा फडक्यावर गाळले, तेव्हा नुसती भुकटी होती. तिसऱ्या गिअरची घरघर अजून आहे. ते काम गणपतीनंतर.