नारायण पेठेतली ती माडीवरची खोली : आमची वाटचाल

२००३ ला पुण्यात नारायण पेठेत एका वाड्यात पुस्तकांच्या अक्षरजुळणीसाठी माडीवर खोली घेतली, मी आणि धाकटा भाऊ, दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी. पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे प्रकाशकांची कामं लवकर यायला लागली.

तेव्हा प्रत्येक हेडिंग हातानेच करायचो, सिलेक्ट कर, फॉन्ट बदल, साइझ टाक. एका दिवाळी अंकाला शेवटच्या प्रुफात संपादक म्हणाले, मजकूर १३ पॉइंटचा १२ करा, सोळा पानांचा एक फॉर्म वाचतोय. रात्रभर बसलो आणि सकाळी बघतो तर तीन लेख १३ वरच राहिलेले. त्यानंतर पॅराग्राफ स्टाइल, म्हणजे परिच्छेदाचा फॉन्ट-साइझ एका नावाखाली साठवून ठेवणं, शिकलोच. मजकूर, उपशीर्षक, कविता, तळटीप सगळ्यांच्या वेगळ्या स्टाइल, आणि सगळ्या मूळ 'मजकूर'वर बेस्ड ऑन, म्हणजे मूळचा फॉन्ट बदलला की खालच्यांचाही बदलतो, पण उपशीर्षकाला वेगळा साइझ दिलेला असेल तर तो तसाच राहतो. १२ पॉइंटला ऑटो लीडिंग, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप धरलेलं ओळींमधलं अंतर, १४.४ असतं, ते मराठीला पुरत नाही, वर रफार-वेलांटी, खाली उकार, आम्ही १७ ठेवतो.

इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरवर आल्यावर मात्र एक मोठी चूक झाली. वनौषधींचं पुस्तक होतं, झाडांची नावं नुसती बोल्ड केलेली, कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे परिच्छेदातल्या ठरावीक शब्दांपुरती स्टाइल, लावलेलीच नव्हती. स्टाइलच्या नावापुढे प्लस दिसतोय म्हणून सगळे ओव्हरराइड, म्हणजे स्टाइलबाहेर हाताने केलेले बदल, क्लिअर केले आणि सगळं बोल्ड गेलं. लेखिकाताईंचा फोन, "अहो, माझी नावं कुठं गेली?" जुनी प्रिंट शेजारी ठेवून एकेक नाव परत केलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. आता आधी फाइंड-चेंजने बोल्ड शोधून त्याला कॅरेक्टर स्टाइल, मगच बाकीचं क्लिअर. आणि इटॅलिक आम्ही करतच नाही, बहुतेक मराठी फॉन्टला ते नसतंच, साधं अक्षर नुसतं तिरकं केलं तर वाईट दिसतं.

आता आम्ही चौघं आहोत. ताईंची दुसरी आवृत्तीही आमच्याकडेच आली. वाचक वयस्कर, अक्षर मोठं हवं म्हणाल्या. मूळ स्टाइलमध्ये १२ चा १४ केला, लीडिंग २०, सगळं पुस्तक बदललं, नावं जागच्या जागी बोल्ड. मग दोन दिवस नुसती पानं कुठे तुटतात ते बघत बसलो.