यझ्द: दुपार सोडून द्यायचं शहर

इराणमधल्या यझ्दमध्ये पाहण्याच्या जागांची यादी लहान ठेवा. जामे मशीद, अमीर चखमाकचा चौक, दौलताबाद बागेतला ३३ मीटर उंच बादगीर (वारा खाली घरात आणणारा मनोरा) आणि गावाबाहेरच्या टेकड्यांवरचे दख्मे, म्हणजे पारशांचे जुने मृतदेह ठेवायचे बुरूज, एवढं दीड दिवसात निवांत होतं. खरी मजा त्यानंतर सुरू होते, आणि तिच्यासाठी शहराच्या घड्याळाने चालावं लागतं. दुपारी एकच्या सुमाराला शटरं पडतात ती पाच वाजता उघडतात. त्या वेळात गल्लीत दिसतात ते फक्त नकाशा धरून घामाघूम झालेले परदेशी. स्थानिक लोक जेवून झोपतात, तुम्हीही झोपा. मग सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाचपासून रात्री उशिरापर्यंत पायी भटका.

सकाळची सुरुवात नानवाईपासून करावी, म्हणजे रोटीच्या भट्टीपासून. मी राहत होतो त्या मातीच्या घराजवळ संगकची भट्टी होती. भट्टीत तापलेल्या बारीक खड्यांवर हातभर लांबीची रोटी टाकतात. बाहेर आली की गिऱ्हाईक ती जाळीच्या टेबलावर पालथी घालतं आणि अडकलेले खडे नखाने टिपून काढतं. हे काम तुमचं तुम्हीच करायचं, कारण एखादा राहिला तर दात जातो. एकच रोटी हवी असणाऱ्यांची रांग बऱ्याचदा वेगळी आणि झटपट सरकणारी असते. मी लांब रांगेत उभा होतो, तर एका बाईंनी बाही धरून मला त्या रांगेत नेऊन उभं केलं. माझ्या पाठीवरची सॅक बघून भट्टीवाल्याने पैसेच नाकारले.

आता हे ‘नाकारणं’ नीट समजून घ्या. दुकानदार, टॅक्सीवाला, चहावाला ‘काबेली नदारे’, म्हणजे ‘कसले पैसे, काही विशेष नाही’ असं म्हणणारच. ती तारोफची, म्हणजे इराणी शिष्टाचाराची रीत आहे. दोनदा तरी आग्रह करून पैसे पुढे करायचे, तिसऱ्यांदाही खरोखर नको म्हणाला तर हात छातीवर ठेवून आभार मानायचे. घरी जेवायला बोलावणाऱ्यांनाही हाच नियम. पहिल्याच ‘चला घरी’ला होकार देऊन टाकणं बरं दिसत नाही. पण तो माणूस फोन काढून बायकोला कळवायला लागला, तर ते आमंत्रण खरं समजा.

मला असं नेलं ते कापडाच्या दुकानातल्या एका आगांनी. आगा म्हणजे पुरुषाला मानाने मारायची हाक, बाईंना खानुम म्हणायचं. जाताना मिठाईचा पुडा न्यावा, बूट दाराशी काढावेत. गालिच्यावर सोफ्रे, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरलं गेलं, त्याआधी फळांची ताटली आली, त्यात संत्र्यांच्या शेजारी काकड्या. इथे काकडी फळातच धरतात, सोलून मीठ लावून खातात. चहा कोरा, साखरेचा खडा दातात धरून प्यायचा. मुंबई-पुण्याच्या इराण्याकडचा दुधाळ चहा इथे शोधू नका, तो आपल्याकडचाच. बंबईचं नाव काढल्यावर आजोबांना अमिताभ आठवला आणि त्यांनी त्याचा आवाजही काढून दाखवला. बरा नव्हता.

त्याच आगांनी संध्याकाळी झूरखान्यात, म्हणजे इराणी तालमीत बोलावलं. अमीर चखमाकजवळच्या जुन्या पाण्याच्या टाकीत तो भरतो. मधे अष्टकोनी खड्डा, वर एका कठड्यावर बसलेला मोर्शेद, म्हणजे ठेका धरणारा म्होरक्या, ढोल वाजवत काव्य गातो, मधूनच घंटा वाजवतो, आणि खाली पुरुष लाकडी मील फिरवतात. तालमीत मुद्गल फिरवलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागणार नाही. दुपारी कापड मोजणारे आमचे आगा त्या ठेक्यावर एका जागी गरगर फिरत होते, पोट सुटलेलं असूनही. प्रवेशाला थोडे पैसे पडतात, स्त्रियांनाही बसता येतं. बसायला कडेची जागा मिळाली तर उत्तम, मीलचा वारा लागतो.

अग्निमंदिराची गोष्ट आपल्याकडच्यांसाठी वेगळीच आहे. पुण्या-मुंबईत आपण अग्यारीच्या दारावरून आयुष्यभर जातो, आत जायची परवानगी नसते. यझ्दच्या आतशकदेमध्ये तिकीट काढून कोणीही आत जाऊन काचेआडचा अग्नी बघू शकतो. हा अग्नी इ. स. ४७०पासून तेवत आहे अशी श्रद्धा आहे. इमारत मात्र १९३४ची आणि तिला भारतातल्या पारशांचं आर्थिक बळ होतं. आपल्याकडे इराणी हॉटेलं काढणारे बरेच जण यझ्द आणि कर्मान भागातून आलेले. बाहेरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ भेटले, त्यांचे चुलते बंबईत बेकरीत होते. कुठल्या रस्त्यावर, ते त्यांना सांगता येईना. मीही खोदून विचारलं नाही.

व्यवहाराचं सांगतो. आपली कार्डं चालत नाहीत, व्हिसा-मास्टरकार्ड शून्य. डॉलर किंवा युरो रोख न्या, सर्राफीत, म्हणजे पैसे बदलायच्या दुकानात, बदला. नोटेवर रियाल छापलेले असतात, लोक तोमानमध्ये बोलतात, म्हणजे एक शून्य कमी. वर हजारही गाळतात, त्यामुळे ‘पन्नास’ म्हणजे पन्नास हजार तोमान असतं. फारसी अंक पाठ करून जा, भावाच्या पाट्या आणि बसची तिकिटं तेवढ्यावर वाचता येतात. स्थानिक लोक मात्र भाजीपाल्यालाही कार्डच देतात आणि आपला पिन दुकानदाराला मोठ्याने सांगतात. मागे रांग उभी असते, कुणाला काही वाटत नाही.

शाकाहाऱ्यांनी ‘बेदूने गूश्त’ एवढ्यावर विसंबू नये. गूश्त म्हणजे बहुधा बकऱ्या-मेंढ्याचं मांस, कोंबडी त्यात धरत नाहीत. ‘मोर्ग’ही नको असं वेगळं सांगा. न्याहारीला अदसी, म्हणजे मसुराचं दाट सार, आणि रोटी-चीज-अक्रोड यांवर दिवस निघतो. वांग्याचं कश्क-ए-बादेमजान जवळपास सगळीकडे मिळतं.

बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी, कायदा तसा आहे. पुरुषांनीही अर्ध्या चड्डीत फिरू नये. बरीच ॲप तिथे बंद असतात, व्हीपीएन भारतातूनच टाकून न्या. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरे. नवरोजचे, म्हणजे मार्चअखेरच्या इराणी नववर्षाचे, दोन आठवडे टाळा, राहायला जागा मिळत नाही.

मी २०२४मध्ये गेलो तेव्हा विमानाने येणाऱ्या भारतीयांना पंधरा दिवस व्हिसा लागत नव्हता. ती सवलत २२ नोव्हेंबर २०२५पासून थांबवली आहे, त्यामुळे आधी व्हिसा घ्या. जून २०२५च्या युद्धानंतर परिस्थिती वरचेवर बदलते. तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा, आणि तिथे ‘जाऊ नका’ लिहिलं असेल तर जाऊ नका.

मिठाई शेवटच्या दिवशी घ्या, अमीर चखमाकच्या चौकातल्या दुकानांतून. पश्मक या साखरेच्या मिठाईचे तंतू आपल्या दमट हवेत चिकटून गोळा होतात, ते तिथेच खाऊन घ्या. घरी न्यायला कुत्ताब बरा, आत बदाम-वेलचीचं सारण आणि वर पिठीसाखर. डबा सॅकमध्ये वरच्या बाजूला ठेवा, खाली दबला की भुगा होतो.