व्हेरिओचा आवाज आणि आमची लिफ्ट

ग्लायडर उडवताना चढ-उताराच्या बाबतीत शरीराच्या जाणिवेवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. ते कोणाला पटवून द्यायचे झाले, की मी त्याला ताराबाई पार्कातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये नेतो. मागच्या रविवारी भाचीला नेले. डोळे मिटायला सांगून चढ-उताराचा वेग आवाजाने सांगणारा माझा खिशात मावणारा व्हेरिओमीटर, म्हणजे व्हेरिओ, तिच्या हातात दिला. लिफ्ट सुटताना तिच्या पोटात गोळा आला खरा, पण दुसऱ्या मजल्यानंतर आपण वर चाललो आहोत की थांबलो आहोत, हे तिला सांगता येईना. यंत्र मात्र सातव्या मजल्यापर्यंत पिप् पिप् करत राहिले.

"मामा, ह्याला कसं कळतं?"

आपल्या कानाच्या आतल्या भागाला वेगातला बदल जाणवतो, स्थिर वेग जाणवत नाही. व्हेरिओ हवेचा दाब मोजतो. कोल्हापूरच्या उंचीवर एक मीटर वर गेले, की दाब सुमारे ०.११ हेक्टोपास्कलने घटतो; ही घट जितकी जलद, तितका सूर चढतो आणि ठोके जवळ येतात. पूर्वी त्यासाठी काट्याकडे पाहावे लागे. पण एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उबदार हवेच्या झोतात, आणखी दोन-तीन ग्लायडर घिरट्या घालत असताना नजर बाहेरच हवी, म्हणून हा आवाज मला सुरक्षेचे साधन वाटतो.

तरी प्रत्येक पिप् म्हणजे थर्मल नसतो. ताशी १०८ किलोमीटरचा वेग दांडी ओढून ९० वर आणला, तर हवा स्थिर असूनही ग्लायडर सुमारे १४ मीटर वर चढतो आणि साधा व्हेरिओ आनंदाने वाजू लागतो. नवख्याने नेमके इथेच वळण घेतले, तर हाती काही लागत नाही, उलट उंची जाते. म्हणून शेपटीच्या उभ्या पंखावर एक बारीक नळी बसवतात. वेग कमी झाल्यावर तिच्यातला दाब वाढतो, उंचीमुळे झालेली घट भरून निघते आणि व्हेरिओ गप्प राहतो. ही जोडणी तपासल्याशिवाय आवाजावर भरवसा ठेवू नये.

सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबून दार उघडू लागले, तरी यंत्र आणखी एकदा वाजले. भाचीने लगेच डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. थर्मलचा मध्य शोधताना हा उशीर मनात धरूनच वर्तुळ सरकवावे लागते, हे मी तिला जिना उतरता उतरता सांगितले.