आमची वाटचाल : ओल्या सांध्याचा हिशोब

आमच्या कंपनीचं पहिलं उत्पादन होतं साधं पीव्हीए इमल्शन, म्हणजे पाण्यात पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे बारीक कण तरंगत ठेवलेला लाकडाचा पांढरा ग्लू. घनभाग ५० टक्के, संरक्षक कोलॉइड म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि फिल्म लवचीक ठेवणारं मोजकं प्लास्टिसायझर. कोरड्या लाकडात त्या ग्लूबद्दल एकही तक्रार आली नाही. सांधा तोडायला गेलं तर लाकूड फाटायचं, ग्लूचा थर तसाच राहायचा. पाणी लागलं की मात्र फिल्म पांढरी पडून फुगायची आणि नखाने निघायची. त्याचं कारण या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको : इमल्शनचे कण ज्याच्या आधाराने तरंगतात, ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पाण्याचं सोयरं आहे.

पहिला बदल तिथेच केला. घट्टपणासाठी नंतर घालायचं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल ८८ टक्के हायड्रोलिसिसचं (म्हणजे ॲसिटेटपासून तेवढंच अल्कोहोल झालेलं) होतं, ते ९८ टक्क्यांचं घेतलं. हे थंड पाण्यात नुसतं फुगतं, विरघळत नाही. शिजवायला ९० ते ९५ अंश लागतात, आणि घाई केली की न शिजलेले दाणे फिल्ममध्ये राहतात. थंडीत ठेवलं की द्रावण जेलीसारखं आवळतं, तेही सांभाळावं लागतं. एवढं करून फरक पडला, पण पुरेसा नाही. बोरॅक्सही घालून पाहिला. चमच्याभर द्रावणाने आख्खं भांडं रबरासारखं झालं, ते ढवळणीला गुंडाळून बाहेर काढावं लागलं.

खरा रस्ता सापडला तो एन-मिथायलॉल ॲक्रिलामाइड असलेल्या कोपॉलिमरमध्ये, म्हणजे साखळीतच हा दुसरा, जोड घेणारा घटक गुंफलेल्या पीव्हीएमध्ये. त्यात आम्लधर्मी ॲल्युमिनियमचा क्षार घातला की फिल्म सुकताना साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. पाणी मग त्यांना फुगवू शकतं, सोडवू शकत नाही. ॲल्युमिनियम क्लोराइड आम्ही हेक्साहायड्रेट रूपातच घेतो. निर्जल प्रकार पाण्यात पडला की उसळतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. आधी २५ टक्क्यांचं द्रावण करायचं आणि ढवळणी चालू ठेवून धारेने सोडायचं. कोरडा क्षार टाकला तर इमल्शन जागच्या जागी फाटतं. द्रावणाची टाकी प्लास्टिकची हवी, कारण क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही खातं. तयार मालाचा पीएच ३च्या आसपास ठेवायचा.

लाकडाचे ग्लू पाण्यात किती टिकतात त्यावरून त्यांचे वर्ग ठरवणारं युरोपीय मानक म्हणजे ईएन २०४. हा माल त्याच्या डी३ वर्गात बसला. चाचणी अशी : बीच लाकडाच्या ५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, १० बाय २० मिलिमीटरचा चिकटभाग, ७ दिवस सुकवणं, ४ दिवस २० अंशांच्या पाण्यात, आणि ओल्याच खेचायच्या. किमान २ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे त्या एवढ्याशा सांध्याने ४०० न्यूटन, साधारण ४० किलोचा भार, पाण्यातून निघाल्या निघाल्या पेलायला हवा. पुढची काही वर्षं माल चांगला गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही.

लिहायचं आहे ते चुनखडीच्या बॅचबद्दल.

सांध्यातली पोकळी भरावी आणि ग्लू लाकडात फार मुरू नये म्हणून आम्ही ८ टक्के चायना क्ले घालतो. आम्लधर्मी ग्लूमध्ये फिलर म्हणून चायना क्ले चालते, कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, कधीही नाही. एका पुरवठादाराने क्लेच्या पोत्यांतून चुनखडी मिसळलेला माल दिला. रंग तोच, बारीकपणा तोच. तो ढवळला, पीएच पाहिला, ३.३ आला आणि बॅच भरली. ॲल्युमिनियमचा क्षार पीएच बराच वेळ धरून ठेवतो आणि जाड कण सावकाश विरघळतात, त्यामुळे मीटरने त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ड्रमांची झाकणं फुगली. उघडल्यावर फेस आला आणि पीएच ५च्या वर गेलेला. तोवर निम्मा माल रवाना झाला होता.

हिशोब नंतर मांडला, तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. १०० ग्रॅम हेक्साहायड्रेटचं आम्ल मारायला ६२ ग्रॅम चुनखडी पुरते. १,००० किलोच्या बॅचमध्ये आमचा १० किलो क्षार असतो, म्हणजे ६.२ किलो चुनखडीत त्याचा खेळ खलास. फिलर ८० किलो. त्यात ८ टक्के भेसळ असली की साखळ्या बांधणारा क्षार शून्य. शिवाय तेवढ्यातून सुमारे दीड हजार लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो.

फसवणूक अशी की कोरडा सांधा उत्तमच लागत होता. पीव्हीए सुकून फिल्म बनतेच, चौरस मिलिमीटरला १० न्यूटनचा कोरडा आकडा सहज येतो. साखळ्या बांधल्याच गेल्या नव्हत्या, ते पाणी लागेपर्यंत कळणार कसं? बाहेरच्या दरवाजांच्या चौकटी पहिल्या पावसात कोपऱ्यात उघडल्या.

एका दरवाजे बनवणाऱ्या ग्राहकाने उघडलेला सांधा तसाच गुंडाळून आमच्या टेबलावर आणून ठेवला. चूळ (सांध्याची जीभ) आणि भोक, दोन्हींवर दुधी रंगाची ओली साय. अंगठा फिरवला की तिच्या वळ्या होत होत्या, खाली लाकडाचा एक तंतूही चिकटलेला नव्हता. कागदपत्रांची गरजच नव्हती, दोष त्या अंगठ्याखाली दिसत होता. या ग्राहकाने प्रत्येक दरवाजाच्या वरच्या कडेला ग्लूचा बॅच क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवलेला होता. त्यामुळे नेमके कोणते दरवाजे परत घ्यायचे ते एका दिवसात कळलं. बाकीच्यांकडे नोंद नव्हती, तिथे चांगल्या बॅचचाही माल आमच्या माथी आला. कंपनी बुडायला आली ती त्या परतीच्या मालामुळे.

त्याच महिन्यांत एक प्रतिस्पर्धी बादली घेऊन आमच्या ग्राहकांकडे फिरला. त्याच्या ग्लूने जोडलेले जाड ठोकळे रात्रभर पाण्यात ठेवायचे, सकाळी काढून हातोडा मारायचा, ठोकळा फुटत नाही म्हणून टाळ्या घ्यायच्या. हे आजही आम्हाला खुपतं. तीन इंच रुंद चिकटभागात एका रात्रीत पाणी कडेचे काही मिलिमीटरच शिरतं, आतला सांधा कोरडाच असतो. त्याचा ग्लू आम्ही आणून तपासला. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहत होते, कारण आत मेणाचं इमल्शन होतं. मेण फिल्मवरचं पाणी थोपवतं, पण पाणी येतं लाकडाच्या आडव्या कापातून, आणि तेच मेण चिकटणाऱ्या पृष्ठभागाशी सरकून पकड कमी करतं. बीचच्या पट्ट्या चौथ्या दिवशी हातानेच सुटल्या. ड्रमवर ‘वॉटरप्रूफ’ छापलेलं होतं. आमच्या ड्रमवर तेव्हाही ‘डी३’ होतं आणि तो शब्द विकत घेणाऱ्यांना कळत नव्हता.

तेव्हापासून फिलरच्या प्रत्येक पोत्यातून चिमूटभर काचेवर काढतो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकतो. फसफसलं की पोतं परत. दोन मिनिटांचं काम आहे, ते आधी करत नव्हतो ही चूक आमचीच. पीएचही आता भरताना, २४ तासांनी आणि ७२ तासांनी असा तीनदा पाहतो, मगच माल सुटतो. विहिरीचं जड पाणी वापरणाऱ्यांनी त्यातला आम्ल मारणारा क्षारही याच हिशोबात धरावा.

उकळत्या पाण्यात टिकणारा डी४ सांधा पुढे केला, त्याच डी३ मालात पाण्यात मिसळणारा ५ टक्के आयसोसायनेट हार्डनर घालून. कसोटी ६ तास उकळून, २ तास थंड करून, ओल्या स्थितीत चौरस मिलिमीटरला ४ न्यूटन. हार्डनर वजन करूनच घाला, अंदाजाने ओतलेला ३ टक्के निघतो नाहीतर ९. मिसळलेल्या डब्याचं झाकण घट्ट लावू नका, त्यातूनही वायू निघतो. आणि वेळ उलटलेलं मिश्रण पातळ दिसतंय म्हणून वापरू नका. बरेचदा ते घट्ट होतच नाही, ताकद मात्र आधीच गेलेली असते.

इपॉक्सीचा विभाग लहान आहे. तिथे एकच गोष्ट बजावतो : १९० इपॉक्सी तुल्यभाराच्या (म्हणजे दर १९० ग्रॅममागे एक मोल इपॉक्सी गट असलेल्या) १०० भाग रेझिनला १३ भाग टेटा (ट्रायएथिलीनटेट्रामाइन, अमाइन प्रकारचा हार्डनर), बस. लवकर सुकावं म्हणून १८ भाग घालणाऱ्यांच्या सांध्यात जादाचं अमाइन तसंच उरतं आणि पाणी ओढतं. धातू किंवा काचेला चिकटवायचं असेल तर रेझिनमध्ये १ टक्का इपॉक्सी सिलेन घाला. पाण्यात ठेवलेल्या सांध्यात फरक तिथे दिसतो, कोरड्यात जवळजवळ दिसत नाही.

विचारलं नसलं तरी सुतारांना सांगतो, कारण निम्म्या तक्रारी ग्लूच्या नसतातच. लाकडाची आर्द्रता ८ ते १२ टक्के असू द्या. रंधा मारलेल्या दिवशीच चिकटवा. दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम पुरतो, शिकंजा आवळल्यावर कडेने बारीक मणी दिसले पाहिजेत. ते दिसले नाहीत तर सांधा उपाशी आहे. थंडीत फिल्म खडूसारखी भुरभुरीत आली तर ग्लूला दोष देऊ नका, लाकूड आणि ग्लू दोन्ही उबदार करा. टॅनिन असलेल्या लाकडावर शिकंज्याचं लोखंड थेट टेकवू नका, मध्ये प्लास्टिकची पट्टी ठेवा. आम्लधर्मी ग्लू, लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळे डाग पडतात, ते पॉलिशखालूनही दिसतात.

दरवाजेवाल्या त्या ग्राहकाने पुढची ऑर्डर दिली ती एका अटीवर. प्रत्येक ड्रमबरोबर त्याच बॅचने जोडलेल्या बीचच्या दोन पट्ट्या यायला हव्यात : एक तो स्वतः पाण्यात टाकणार, दुसरी बॅच क्रमांक लिहून फळीवर ठेवणार. त्या पट्ट्या आजही प्रत्येक ड्रमच्या झाकणाला बांधून जातात.