तुम्ही विचारलंत म्हणून: यातला खरा ‘तर’ कोणता?

“फझी तर्कशास्त्रात, म्हणजे जिथे वाक्य 0 ते 1 मधलं कितीही खरं असू शकतं तिथे, ‘तर’चे इतके प्रकार करून ठेवलेत, त्यातला बरोबर कोणता ते एकदाचं सांगा ना!” जळगावच्या स्टँडपासून यावलच्या लग्नमांडवापर्यंत मला हेच विचारतात. मांडवात मी टाळतो.

एका कॉलेजातली मुलाखत सांगतो. मे महिना, कूलर गरम हवाच फेकत होता. पॅनेलवरच्या सरांनी विचारलं, “‘केळीची पानं ओली असतील तर केळीची पानं ओली असतात.’ पानं निम्मी ओली धरा. वाक्य किती खरं?” मी फळ्यावर ‘अ तर ब’साठी क्लीनी-डीन्सचं सूत्र लिहिलं: ‘1 वजा अ’ आणि ‘ब’ यांतलं मोठं ते. उत्तर 0.5. “म्हणजे जे आहे ते आहे, हे निम्मंच खरं?” सर हसले, मग सगळेच हसले. मी रायशनबाखचं सूत्र मांडलं: 1 वजा अ, अधिक अ गुणिले ब. 0.75. “पाऊण! सुधारणा आहे.” लुकासिएविचचं (1 वजा अ अधिक ब, पण 1 च्या वर नाही) लिहून 1 आणेपर्यंत पुढच्या उमेदवाराला हाक गेली होती.

नोकरी गेली ती गेली. पण बारावीला ‘अ तर ब’ म्हणजे ‘अ नाही किंवा ब’ असंच आपण लिहितो, तेव्हा कुणी हसत नाही. क्लीनी-डीन्स म्हणजे तेच तर आहे!

त्यानंतर बरीच वर्षं मी लुकासिएविचचाच झेंडा घेऊन होतो. हाताशी स्मेट्स-मॅग्रेझचं 1987चं प्रमेय होतं: सातत्य, अटींची अदलाबदल, आणि ‘अ’ हा ‘ब’पेक्षा जास्त नसेल तेव्हाच पूर्ण सत्य, एवढं मागितलं की तोच उरतो, फार तर मोजपट्टी बदलून. तेव्हाच्या मला आज एवढंच विचारेन: ‘पानं ओली राहिली तर करपा येतो.’ पानं निम्मी ओली, करपा शून्य. तुझा नियम म्हणतो, वाक्य 0.5 खरं. आता तीच अट दोनदा घाल: ओली असतील तर, ओली असतील तर, करपा. उत्तर 1! नुसतं दोनदा म्हटल्यानं? गोडेलचा ‘तर’ म्हणजे ‘अ’ हा ‘ब’पेक्षा जास्त नसेल तर 1, नाहीतर ‘ब’; त्याच्याकडे दोन्ही वेळा 0. पण तेच वाक्य उलटवा, ‘करपा नसेल तर पानं ओली नाहीत’, आणि ‘नाही’ म्हणजे ‘1 वजा’ धरा, की गोडेलही घसरतो: सरळ वाक्याला 0, उलट्याला 0.5.

ममदानीनं तर 1975 साली वाफेचं इंजिन फझी नियमांनी चालवायला ‘अ’ आणि ‘ब’ यांतलं लहान ते घेतलं. अट खोटी असली की 0, म्हणजे तो ‘तर’ नव्हेच, ‘आणि’ आहे. इंजिन मात्र चाललं. हे मला अजून खुपतं. वर्गात मी लुकासिएविच शिकवतो, स्वतःच्या कामात गोडेल वापरतो. का, ते विचारू नका.