गणितातला पोस्टडॉक : तयारी प्रबंध जमा करण्याआधीची

गणितात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नेमणूक, करायचा असेल तर जागेचा शोध पीएचडीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या बहुतेक जागांचे अर्ज ‘मॅथजॉब्ज’ या संकेतस्थळावरून जातात. त्यांच्या मुदती मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरात संपतात आणि नेमणूक पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होते. मे महिन्यात व्हायवा (प्रबंधाची तोंडी परीक्षा) आटोपून मग शोधाला लागणाऱ्याचं एक अख्खं वर्ष हातचं जातं.

अर्जात सगळ्यात वजन असतं ते शिफारसपत्रांना. साधारण तीन लागतात, आणि अमेरिकेत पोस्टडॉकला बहुधा शिकवावंही लागत असल्यामुळे अध्यापनाबद्दलचं चौथं. लिहिणारे ती परस्पर चढवतात, उमेदवाराला दिसत नाहीत. गणितात लेख छापून यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, त्यामुळे नव्या उमेदवाराची लेखांची यादी छोटीच असते आणि निवड समिती पत्रांवर विसंबते. आपल्या विद्यापीठांतली चांगली मुलं नेमकी इथे मागे पडतात, आणि ते फार लागतं. गाइडचं पत्र असतं, पण उरलेली दोन त्याच विभागातल्या वेगळ्या विषयाच्या प्राध्यापकांची. त्यात ‘हुशार, कष्टाळू, नम्र’ यापलीकडे काही नसतं. समितीला हवं असतं ते हे, की प्रमेयात नवं काय आहे, आधीचे लोक कुठे अडले होते आणि ही अडचण कोणत्या युक्तीने सुटली. हे त्याच विषयातला बाहेरचा माणूसच सांगू शकतो.

म्हणून निकाल आर्काइव्हवर (छापून येण्याआधीच लेख सगळ्यांसाठी खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकला की ज्यांच्या कामावर तो उभा आहे अशा दोघा-तिघांना चार ओळींची ईमेल पाठवा. बंगळुरूच्या आयसीटीएससारख्या संशोधन केंद्रातल्या कार्यक्रमांत त्यांना गाठून काम फळ्यावर समजावून सांगा. व्हायवा झाल्यावर बाहेरच्या परीक्षकांनाही पत्र मागता येतं, प्रबंध त्यांनी मुळापासून वाचलेला असतो. मागणी सप्टेंबरात करा आणि सोबत सीव्ही, रिसर्च स्टेटमेंटचा (झालेलं काम आणि पुढची योजना सांगणाऱ्या टिपणाचा) मसुदा आणि मुदतींची यादी द्या.

रिसर्च स्टेटमेंट चार-पाच पानांचं पुरे. दोन पानं व्याख्यांतच खर्ची घातली की वाचणारा मुख्य प्रमेयापर्यंत पोचतच नाही. प्रमेय पहिल्याच पानावर, विषयाबाहेरच्या गणितज्ञालाही कळेल असं मांडा. पुढचे प्रश्न लिहिताना प्रत्येकाची पहिली पायरी दाखवा, म्हणजे एखादं सुटलेलं विशेष उदाहरण किंवा लहान मितीतला निकाल. ‘हे व्यापक करता येईल का, ते पाहू’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही.

भारतात एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची) फेलोशिप आहे, शिवाय मुंबईची टीआयएफआर, चेन्नईची आयएमएससी, प्रयागराजची एचआरआय, पुण्याची आयसर आणि आयआयटी मुंबई या संस्थांतल्या जागा. कुणाबरोबर काम करायचं ते आधी पत्रव्यवहार करून ठरवा. त्या विषयाचं तिथे कुणीच नसेल तर चांगला अर्जही बाजूला पडतो.

युरोपीय संघाच्या मारी क्युरी या पोस्टडॉक फेलोशिपचे अर्ज सहसा सप्टेंबरात बंद होतात. त्या तारखेआधी व्हायवा उत्तीर्ण झालेली असली की पुरतं, पदवीचा कागद नंतर आला तरी चालतो. मात्र ज्या देशात जायचं तिथे त्या तारखेआधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. दुसऱ्या एखाद्या दीड वर्षाच्या नेमणुकीवर जर्मनीत गेलात तर लगेच पुढे तिथेच मारी क्युरी मिळत नाही, तेव्हा कोणत्या देशात आधी जायचं ते दोन्ही अर्ज समोर ठेवूनच ठरवा.